बयाजी आणि ओला पडदा

कुसूरवाडीत बयाजी नावाचा एक भोळा माणूस होता. इतका भोळा, की ‘जरा थांबा’ म्हटलं तर संध्याकाळपर्यंत उभा राहायचा. माळावरच्या रेगेबाईंच्या प्रयोगशाळेत तो मदतनीस होता.

बाई हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या सेलसाठी प्लास्टिकचे पडदे बनवायच्या. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. त्यांच्या आत पाण्याच्या बारीक बारीक वाटा असतात, बाई त्या क्ष-किरणांच्या यंत्राखाली तपासायच्या. आता मोठे साहेब पडदा बघायला येणार होते. त्यांना पटला तर प्रयोगशाळा चालणार, नाहीतर टाळं. चांगले पडदे दोनच उरले होते. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बयाजीला बिचाऱ्याला ते बघवेना.

त्याने एक पडदा बशीत ओला दिसला म्हणून गच्चीवर उन्हात घातला, पापडांशेजारी. पडदा तडकला.

“अहो बयाजी, हा वाळला की मेला! ओला ठेवायचा, ओला!”

“लक्षात ठेवतो, बाई.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी यंत्रातून पडद्याच्या आतल्या वाटांचं चित्र काढलं. बयाजीने ते बादलीत बुडवलं.

“अहो, चित्राला पाणी कशाला? दोन काचांमध्ये सपाट दाबून ठेवायचं!”

“लक्षात ठेवतो, बाई.”

मग बाईंनी साहेबांसाठी बेळगावचे मांडे आणले. बयाजीने ते दोन काचांमध्ये सपाट दाबले. भुगा झाला.

“अहो, पाहुण्यापुढे ठेवायची वस्तू ही! ताटात वाढायची, वर तूप, पिठीसाखर!”

“लक्षात ठेवतो, बाई.”

साहेब यायच्या दिवशी बाई यंत्र तापवायला आत गेल्या. जाताना म्हणाल्या, “साहेब आले की तो उरलेला पडदा त्यांच्यापुढे ठेवा. आणि बयाजी, आज तरी सांगितलेलं विसरू नका हो.”

बयाजी कशाला विसरतोय! साहेब आले. बयाजीने पडदा ताटात वाढला. वर तूप सोडलं, पिठीसाखर भुरभुरवली. साहेब दुरून आलेले, भुकेलेले, त्यात चष्मा गाडीत राहिलेला.

“जरा चिवट आहे,” साहेब चावत म्हणाले, “पण चव घरची.”

आतून बाईंची हाक आली, “बयाजी, यंत्र तयार आहे. पडदा आणा!”

बयाजीने रिकाम्या ताटाकडे बघितलं. मग साहेबांच्या पोटाकडे बघितलं. पण आज काही विसरायचं नव्हतं.

“साहेब, आत येऊन जरा वामकुक्षी करता का?”

साहेबांना ही पद्धत फारच आवडली.

शेजारच्या खोलीतून हात धुऊन बाई परत आल्या तर काय! यंत्राखाली साहेब उताणे. पाठीखाली टेबलाची काच, पोटावर खिडकीची. अंगावर बादलीभर पाणी नुकतंच ओतलेलं.

“बाई, पडदा ओला आहे, सपाट आहे, काचेत आहे,” बयाजी अभिमानाने म्हणाला. “फक्त साहेबांना सांगा, ओरडू नका म्हणावं. पडदा हलतोय, चित्र पुसट येईल.”