नातालीण आजीचा फणस

खाडीकाठच्या एका गावात बस्त्याव नावाचा सुतार राहत होता. गावच्या चर्चमध्ये तेव्हा बाक नव्हते. लोक उभ्यानेच मिस्सा ऐकत. फक्त भिंतीला लागून एक दगडी कट्टा होता, म्हाताऱ्यांसाठी आणि आजाऱ्यांसाठी. तरणाताठा कोणी तिथे टेकला की लोक विचारत, "काय रे, कितवा महिना?"

पुढे म्हातारी माणसे वाढली, कट्टा पुरेना. तेव्हा नातालीण आजीने आपल्या दारातला एकुलता एक फणस तोडायला दिला.

"बस्त्याव, याचे बाक कर," ती म्हणाली. "दमलेल्याला टेकायला होतील."

बस्त्यावने सहा बाक केले. त्यांना जागा व्हावी म्हणून कट्टा फोडला.

पण पहिल्याच आठवड्यात पाटलांनी पुढच्या बाकावर आपले नाव कोरून घेतले. मग इतर मोठ्या घरांनीही घेतले. नावे बस्त्यावनेच कोरली. मजुरी म्हणून त्याला शेवटचा बाक मिळाला. त्यावर त्याने स्वतःचे नाव जरा खोलच कोरले.

रविवारी नातालीण आजी आली आणि पाटलांच्या रिकाम्या बाकावर बसली. चर्चचा सेवक धावत आला.

"आजी, ऊठ. जागा पाटलांची आहे."

"पाटील कुठायत?"

"गावाला गेलेत. पण नाव आहे ना!"

"बरं बाबा. नावाचे पाय दुखत असतील," म्हणून आजी उठली आणि बस्त्यावच्या बाकामागे जाऊन उभी राहिली.

बस्त्याव उठू लागला. बायकोने त्याची बाही ओढली. "अहो, बसा. एकदा उठलात की बाक गेला."

तो बसला. आजीने बाकाची पाठ धरली होती. तिच्या हाताची थरथर मिस्सा संपेपर्यंत लाकडातून त्याच्या पाठीला लागत राहिली. पुढच्या रविवारी नक्की उठू, असे त्याने ठरवले.

पुढच्या रविवारी आजी आली नाही. बुधवारी ती गेली.

बस्त्यावने आपला बाक मोडून तिची शवपेटी केली. नाव जावे म्हणून तो रंधा मारत राहिला. फळी पातळ झाली, पण नाव पुरते गेले नाही.

त्यानंतर तो कायम मागे उभाच राहिला. म्हातारपणी लोक म्हणत, "मेस्त्री, बसा की."

तो म्हणे, "बसलो होतो एकदा."

तात्पर्य: दमलेल्यांसाठी केलेल्या जागेवर आपले नाव घालू नये, आणि उठायचेच असेल, तर दुसरा उभा आहे तोवर उठावे.