शेवटच्या दारची लोकर

फार फार पूर्वी, डोंगरांना नावं द्यायला अजून कुणाला सवड झाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी पुढे बसावं. थोरांनी मागे बसून डुलक्या काढू नयेत, कारण गोष्ट खरं तर त्यांचीच आहे.

एका उंच डोंगराच्या पायथ्याला गोल वस्ती होती, आणि घरोघरी मेंढरं होती. वर खिंडीत एक ओवरी होती. घाट चढताना जो आजारी पडेल त्याला तिथे आसरा मिळे, आणि एक म्हातारे बाबा त्याची शुश्रूषा करत. ओवरीत पाणी होतं, सरपण होतं, मायाही होती. पण वर थंडी अशी कडाक्याची पडे की नुसत्या मायेनं भागत नसे. घोंगड्या लागत.

म्हणून पायथ्याला एक रीत होती. थंडी तोंडावर आली की कुणी ना कुणी टकळी घेऊन निघे आणि डोंगराला पायी वळसा घाली. ओळखीच्या दारी थांबायचं, मिळेल ती चिमूट-मूठ लोकर घ्यायची, आणि पुढच्या दारापर्यंत चालता चालता तिचं सूत काढायचं. वळसा पुरा झाला की सूत विणकराकडे जाई आणि घोंगडी ओवरीत. चालणारा दारोदार एवढंच म्हणे, “पाय माझे, लोकर तुमची.”

रीत चांगली होती. पण मैनेला तिचा अगदी वीट आला होता.

मैना कंजूष नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. तिच्या दारातून कुणी उपाशी गेलं नव्हतं. पण तिचं घर वळशावरचं शेवटचं, आणि तिच्या ओळखी उदंड. आज जाऊ चालतेय, उद्या शेजारी चालतोय, परवा नणंदेचा दीर लंगडत लंगडत दारात हजर. “ज्याला त्याला मेलं चालायचंय!” मैना चुलीपुढे पुटपुटे. “घरी बसून कुणाला पुण्य करताच येत नाही का?”

आणि दुसरी अडचण तिच्या स्वभावाची होती. चिमूटभर लोकर कुणाच्या हातावर ठेवायची तिला लाज वाटे. द्यायचं तर पाटीभर, चार माणसांनी बघावं असं. म्हणून ती प्रत्येकाला सांगे, “होळीनंतर कातरणी झाली की पाटीभर देते. शब्द आहे माझा.”

होळी येई. कातरणी होई. पाटी भरे. पण भरलेली पाटी समोर आली की मैनेला लेकीचं अंथरूण आठवे, बाजार आठवे, गोठ्याचं छप्परसुद्धा आठवे. ओवरी तेवढी आठवत नसे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दूर बघायची गरज नाही.

एका वर्षी मैनेची माहेरची बालमैत्रीण ठकू, तीही याच वस्तीत दिलेली, चालायला निघाली. मागच्या थंडीत ठकूचा नवरा तापानं ओवरीत पडला होता, आणि तिथल्या विरलेल्या घोंगडीत कुडकुडताना तिनं त्याला पाहिलं होतं. तो वाचला. पण घरी आल्यावरही ते कुडकुडणं तिच्या डोळ्यांपुढून जाईना. मग तिनं टकळी उचलली.

डोंगराला वळसा घालून ठकू शेवटच्या दारी पोचली तेव्हा तिच्या टाचा फुटल्या होत्या. टकळीवर सूत चांगलं भरलं होतं आणि त्याचं मोकळं टोक वाऱ्यावर हलत होतं.

“मैने, घाल गं चिमूटभर. तुझं दार झालं की सुटले.”

मैनेच्या कपाळाला आठी पडली. “आता तूसुद्धा का गं ठके?”

“पाय माझे, लोकर तुमची,” ठकू हसून म्हणाली.

दारामागे खुंटीला लोकरीचा एक पुंजका लटकत होता. करडा, आखूड, त्यात कुसळं अडकलेली. मैनेची नजर तिकडे गेली आणि परत आली. हा पुंजका ठकूच्या हातावर ठेवायचा? जन्माची मैत्रीण ती, काय म्हणेल?

“आत्ता काही नाही बघ घरात,” मैना म्हणाली. “होळी होऊ दे. तुला पाटीभर देते.”

“अगं, पाटी काय करू? थंडी आत्ता पडतेय. जे असेल ते दे. मूठभर पुरे.”

“एवढ्याशा मुठीनं काय व्हायचंय? तू आपली उगाच हट्टाला पेटतेस!” मैना वैतागून म्हणाली, आणि चुलीवरचं दूध उतू चालल्याचं निमित्त करून आत गेली. दूध कधीच उतरवून ठेवलेलं होतं.

ठकू थोडा वेळ अंगणात उभी राहिली. मग सुताचं टोक टकळीला गुंडाळून तिनं विणकराची वाट धरली.

पौष लागला. खिंडीपलीकडे मैनेचं माहेर होतं, आणि आई बोलावते असा निरोप आला म्हणून ती एकटीच घाट चढू लागली. अर्ध्या वाटेवर तिला हुडहुडी भरली. वाटसरूंनी तिला उचलून ओवरीत आणलं तेव्हा तिचं अंग फणफणत होतं आणि दातावर दात आपटत होते.

म्हाताऱ्या बाबांनी तिच्या अंगावर नवी घोंगडी घातली. “ही घे, माय. सगळ्यांत उबदार हीच आहे.”

घोंगडी खरंच उबदार होती. पण मैनेनं ती गळ्यापर्यंत ओढली तर पाय उघडे पडले. पायांवर ढकलली तर खांदे उघडे पडले. गुडघे पोटाशी घेतले तर तापानं दुखणारे सांधे ठणकू लागले. खिंडीतला वारा नेमका पायांनाच शोधत येई.

शेवटी ती चिडलीच. “बाबा, कुणी विणली हो ही? आणखी टीचभर विणली असती तर हात झिजले असते का त्याचे?”

“विणकराला बोल लावू नकोस, माय,” बाबा म्हणाले. “सूत आलं तेवढं त्यानं विणलं. ठकू नावाची बाई पायथ्याला चालली होती. शेवटच्या दारी तिला लोकर मिळाली नाही.”

मैनेनं घोंगडीचं टोक चाचपलं. मग हळूच तिनं विचारलं, “शेवटचं दार कुणाचं, ते सांगितलं तिनं?”

“मी विचारलं होतं. नाव नाही घेतलं तिनं. म्हणाली, मैत्रीण आहे माझी, पुढच्या खेपेला देईल.”

मैनेनं तोंडावर घोंगडी ओढून घेतली. पाय पुन्हा उघडे पडले, पण या वेळी तिनं घोंगडी खाली ओढली नाही. तिला दारामागची खुंटी दिसत होती, आणि खुंटीवरचा तो करडा पुंजका.

तिचे पाय गारठून काळेनिळे पडू लागले. बाबा घाबरले. तेव्हा पलीकडे निजलेल्या एका आजारी म्हातारीनं आपल्या उशाचं जुनेर काढलं आणि त्याची एक पट्टी टर्रकन फाडली. “एवढंच आहे गं माझ्यापाशी,” ती ओशाळून म्हणाली. बाबांनी डोक्याच्या मुंडाशातून एक पट्टी फाडली. दोन पट्ट्या दोन पायांना गुंडाळल्या. एवढ्याशा चिंधीनं काय व्हायचंय, असं मैनेच्या मनात सवयीनं आलंच. पण हळूहळू बोटांत ऊब शिरली, आणि ती लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली.

बरी होऊन घरी आली तशी मैना तडक ठकूच्या दारी गेली. हातात तोच पुंजका होता. कुसळं तिनं वाटेत वेचून काढली होती.

“टकळी कुठंय तुझी?” तिनं दारातूनच दरडावलं. “सूत काढ याचं. आणि तुला एवढीसुद्धा अक्कल नाही का गं? मी दूध बघायला आत गेले, तर खुंटीवरची लोकर ओरबाडून न्यायची होतीस!”

ठकूनं टकळी घेतली. त्या सुताची घोंगडीच्या टोकाला टीचभर पट्टी जोडली गेली. करडी पट्टी काळ्या घोंगडीत लांबून ओळखू येई. पण त्यानंतर ओवरीत ती पांघरून निजलेल्या कुणाचेही पाय उघडे राहिले नाहीत.

चालणारे पुढेही येत राहिले, आणि मैना पुढेही कुरकुरत राहिली. फक्त आता ती एका हातानं कपाळ बडवी आणि दुसऱ्या हातानं मूठभर लोकर पुढे करी.

तात्पर्य: मित्र चांगल्या कामासाठी पाय झिजवत दारी आला, तर उद्याच्या पाटीचा शब्द देऊ नये, आज घरात असेल ती मूठ द्यावी.