पाठमोरी जागा

"अध्यक्ष मी का नको?" निरंजननं विचारलं.

म्हातारे भिवाबुवा जाळ्यातली मासळी बांधावर ओतत होते. मान वर न करता म्हणाले, "कोन नको म्हनते?"

"मी नसतो तर हा तलाव आज तुमचा असता?"

"नसता जी."

खरंच नसता. मासेमार ढिवरांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेला तलाव आमदाराच्या मेव्हण्यानं ठेक्यात लाटला. आपल्याच पाण्यात जाळं टाकलं म्हणून पोरांवर चोरीचे गुन्हे लागले. चौकशीला आलेले साहेब ठेकेदाराकडे जेवून परत गेले. पुण्याहून आलेल्या या तरुण वकिलानं मात्र लाठ्या खाल्ल्या, कोर्ट पालथं घातलं आणि काल निकाल आणला. आज पहिलं जाळं ओढलं होतं. संध्याकाळी गावच्या मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष निवडायचा होता.

"मग?"

"इथं बसा. ढिगांकडं पाठ करून."

मासळीचे ढीग लागले होते, घरटी एक. गावची रीत अशी, की ज्याला ढीग दिसत नाहीत त्यानं नावं घ्यायची. मोठा मासा कुणाला गेला, यावरून तंटा नको.

निरंजन रस्त्याकडे तोंड करून बसला. विजयाच्या दिवशी ही जागा?

"हा कोनाचा?" बुवांनी विचारलं.

"रुखमाबाई वलके." ठेकेदाराच्या नावेपुढं पहिली तीच उभी राहिली होती.

"हा?"

"डोमाजी शेंडे."

"डोमाजी, तुले नुसते झिंगेच आले बे!" मागं हशा पिकला.

तेवढ्यात रस्त्यावर धुरळा उठला. ठेकेदाराची जीप. काठ्या घेतलेली माणसं खाली उतरली.

निरंजन उठू लागला.

"बसा जी. हा कोनाचा?"

"सखू... सखू मेश्राम."

मागचा हशा थांबला होता. नुसती ओली पावलं वाजत होती... जवळ, आणखी जवळ.

ठेकेदारानं निरंजनकडे पाहिलं. मग त्याच्या डोक्यावरून पलीकडे. बराच वेळ...

माणसं जीपमध्ये चढली. जीप आल्या वाटेनं परत गेली.

बांधावर एकच आरोळी उठली. निरंजननं वळून पाहिलं. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, पोरं, अख्खा गाव हातभर अंतरावर उभा होता. ढिगांपाशी चिटपाखरूही नव्हतं.



"बुवा, संध्याकाळी रुखमाबाईचं नाव घ्या. माझं नको."

"बरं जी."

"पण माझा ढीग कुठाय?"

"नावं घेनाऱ्याचा ढीग नसते," बुवा म्हणाले. "त्याले साऱ्याच घरी जेवा लागते."