मीरदादचा पेला

ऐका मंडळी. ऑस्ट्रेलियाच्या पार पोटात, लाल मातीच्या ओसाड मुलखात केलाबिन नावाचं गाव आहे. गाव म्हणजे एक रस्ता, एक पेट्रोल पंप, एक दुकान आणि माणसांपेक्षा जास्त माश्या. मी वाळवंट बघायला गेलो, तर दुकानवाल्या हेझलबाईंनी आधी माझ्या हातात पत्र्याचा पेला दिला. "बाहेरच्या खुंटीला टांगा आणि खुशाल जा," म्हणाल्या. का, म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी ही हकिकत सांगितली.

फार वर्षांपूर्वी, तिकडे रेल्वे यायच्याही आधी, सिंधहून बोटीने उंट आणले आणि उंटांबरोबर मीरदाद आला. गावाला पीठ, साखर, पाणी तोच आणायचा. वाळूचा वास घेऊन तो वाट सांगायचा, असं म्हणतात. उंट त्याच्याशी भांडायचे आणि तो त्यांची समजूत काढायचा, असंही म्हणतात. ज्याने उंट पाळलाय, त्याला यातलं भांडण तरी पटेल.

दुकान तेव्हा नोरा नावाच्या विधवेचं होतं. लांबच्या मेंढपाळांना पाणी पोचवायला निघताना मीरदाद आपला पेला तिच्या दाराबाहेरच्या खुंटीला टांगायचा.

"बीबी, पेला इथे आहे तोवर मी बाहेर आहे. पुनव उलटूनही तो तसाच दिसला, तर मला शोधायला या."

परतला की त्याच पेल्यात चहा प्यायचा आणि तळाची साखर आपल्या उंटिणीला चाटवायचा. त्याचा मुक्काम गावाबाहेर होता, तिकडे कुणी फिरकत नसे. लोक खुंटीकडे बघत आणि तो आला की नाही ते समजत.

एका उन्हाळ्यात तो गेला आणि मागोमाग धुळीचं वादळ उठलं. वादळ शमल्यावर नोराने दुकान झाडलं, पुसलं, आणि त्याच हाताने धुळीने माखलेला पेलाही घासून आत फळीवर ठेवला. कामाच्या रगाड्यात विसरूनही गेली. लोकांनी रिकामी खुंटी पाहिली. आला वाटतं मीरदाद, म्हणाले. पुनव उलटली, तरी कुणी हललं नाही.

मग एका सकाळी उंटीण एकटीच आली. पाठीवर रिकाम्या पखाली. ती दुकानासमोर उभी राहिली आणि रिकामी खुंटी चाटू लागली.

नोराने वळून फळीकडे पाहिलं. पेला लखलखत होता.

"मीच मेलीने धुतला तो!" म्हणत ती उंबऱ्यावरच बसली.

सगळं गाव उंटिणीमागे निघालं. सुकलेल्या खाऱ्या तळ्यापलीकडे ती थांबली. तिथे हातांनी उकरलेला खड्डा होता, खड्ड्यात पाणी होतं आणि काठावर मीरदादचा फेटा घडी करून ठेवलेला होता. मीरदाद नव्हता. ते पाणी आजवर आटलेलं नाही, असं म्हणतात. मी तो खड्डा पाहिला तेव्हा नुसता चिखल होता. पण ओला होता, हे खरं.

नोराने पेला परत खुंटीला टांगला आणि मरेपर्यंत त्याला फडकं लावलं नाही. फार सोसलं तिने.

आजही केलाबिनमधून वाळवंटात जाणारा पेला टांगून जातो, आणि दुसऱ्याच्या पेल्याला कुणी हात लावत नाही. सगळ्यात वरच्या खुंटीला मीरदादचा पेला आहे, लाल धुळीने भरलेला. पेला खुंटीला आहे म्हणजे माणूस बाहेर आहे. म्हणून उन्हाळ्यात दर पुनवेनंतर गाव पाण्याचे डबे घेऊन त्याला शोधायला निघतं.

"सापडला का कधी?" मी विचारलं.

"तो नाही," हेझलबाई म्हणाल्या. "पण त्याला शोधताना दुसरी माणसं सापडतात. वाट चुकलेली, गाडी बंद पडलेली. मी तशीच सापडले, आईच्या कडेवर."

मी बाहेर जाऊन माझा पेला टांगला.