अंतरपाट आणि फ्लॅश

“मग बिघडलंय तरी काय, चाचा? एक फोटो काळा, एक पांढराफटक! सांगा ना!”

श्रीरंगनं कॅमेरा चाचांपुढे धरला. साडेबाराला त्याच्या बहिणीचं, वैजूचं लग्न. ‘दुसरा फोटोग्राफर बोलवाल तर बघा,’ असं साऱ्या भावकीला यानंच बजावलेलं. आणि कालच्या सीमंतपूजनात पांढऱ्या झब्ब्यातल्या नवरदेवाचं तोंड तव्यासारखं आलं, काळ्या कोटातले मामा पीठ फासल्यासारखे!

सेल बदलून झाले, फ्लॅश पुसून झाला. शेवटी अकरा वाजता स्वारी हमीदचाचांच्या जुन्या स्टुडिओत. इथंच तो शिकला होता, पण नवा फ्लॅश घेतल्यापासून फिरकला नव्हता. दुखणं आलं तेव्हा वैद्य आठवला, दुसरं काय!

“तुझा फ्लॅश तर फार हुशार होता ना?”

“ऑटो आहे, चाचा. उजेड किती टाकायचा, ते स्वतःच ठरवतो.”

“असं...”

चाचा स्टुलावर बसले. खांद्यावरचा पांढराशुभ्र पंचा त्यांनी हनुवटीखाली ताणून धरला.

“काढ.”

फोटो निघाला. चेहरा काळवंडलेला.

पंचा टाकून चाचांनी जुन्या कॅमेऱ्यावरचं काळं फडकं तसंच धरलं.

“काढ.”

आता नाक कुठं, मिशा कुठं, काही पत्ता नाही. सगळं पांढरं.

“तोंड बदललं का रे माझं?”

“नाही...” श्रीरंग स्क्रीनकडे बघतच राहिला. “पांढरं दिसलं की याला वाटतं, उजेड पुष्कळ झाला. लगेच थांबतो. काळं दिसलं की ओततच राहतो...”

चाचांनी पंचा पुन्हा उचलला. या खेपेला दोन टोकं धरून आडवा, मंगलाष्टकांना धरतात तसा.

श्रीरंगनं कॅमेरा खाली घेतला.

“अरे देवा... अंतरपाट!”

“त्याच्यावरनं कुणाचं तोंड दिसेल?”

“वैजूचं.”

“फ्लॅश काय बघेल?”

“अंतरपाट.”

“आणि तू?”

श्रीरंगनं पंचाच्या वर, चाचांच्या तोंडाकडे पाहिलं.

“वैजूला.”

चाचांनी ऑटोच्या बटणावर बोट ठेवलं.

“मग तिच्यावर उजेड किती टाकायचा, हे याला का विचारतोस?”