नीलव्वाची बोळकी आणि रंगीची शेपटी

बसा, आणि गप बसून ऐका. मधेच कुणी खोकललं तर ही गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते, आमच्याकडं तसा नियमच आहे.

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे आत्ता जिथं पाण्याची टाकी आहे तिथं टाकी नव्हती तेव्हा (पाणी तेव्हाही नव्हतं आणि आत्ताही नाही, ते सोडा), खोलकरंजी गावात बायजाक्का राहायची. बायजाक्काचा कुणावर म्हणून भरवसा नसायचा. दूध तापवायच्या आधी वास घ्यायची, मग चव घ्यायची, मग गोठ्यात जाऊन म्हशीच्या तोंडाकडं बघून यायची. देवळात गेली की प्रसाद मुठीत धरून आधी पुजाऱ्याला खायला लावायची. नवरा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा, तो महिनो न् महिने यायचा नाही. आला की ही त्याला दारातच तीन प्रश्न विचारायची, आपलाच आहे का ते बघायला. एका वर्षी तिसऱ्या प्रश्नाला गडी चुकला आणि मेंढरांत झोपला, असं म्हणतात. म्हणणाऱ्याचं काय जातंय.

या बायजाक्काला एकच लेक होती, हरणा. बायजाक्कानं जगात एवढ्या एकाच माणसावर कधी संशय घेतला नव्हता.

त्या साली गावात मुदतीचा ताप आला. हरणा एकवीस दिवस अंथरुणाला खिळली, पण वाचली. ताप उतरला, पोरगी खायला-प्यायला लागली आणि दोन महिन्यांनी तिचे केस उतरायला लागले. एकदा फणी फिरवली की फणीवर चिमणीचं घरटं. उशीवर केस, भाकरीत केस, अंगणात केस. विहिरीवरच्या पोरी म्हणाल्या, "हरणे, डोकं कुठं इसरून आलीस?" त्या दिवसापासून हरणानं विहिरीवर जाणं सोडलं. मग दारात येणं सोडलं. चैतात तिला बघायला पाहुणे येणार होते, तर म्हणाली, "आये, त्यास्नी सांग, पोरगी तापातच गेली."

ती धान्याच्या कणगीत तोंड घालून रडायची, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. पण कणगी रिकामी होती, त्यामुळं आवाज उलट जास्तच घुमायचा. बायजाक्का चुलीपुढं बसून तो ऐकायची आणि तव्यावरची भाकरी करपायची.

अशात दक्षिणेकडून नीलव्वा आली. म्हातारी, काटकुळी, डोळ्यांना कमी दिसायचं. काखेत एक लाकडी फणी आणि हातात तिळाच्या तेलाचा तांब्या. ओढ्याकाठच्या करंजाखाली छप्पर घालून राहिली. तिच्या बोटांना नखंच नव्हती, असं म्हणतात. नखं होती ओ, ती रोज दगडावर घासायची, एवढंच. पण बोटं मात्र अशी की रडणाऱ्या पोराच्या डोक्यावर ठेवली तर पोरगं रडणं अर्ध्यात सोडून जांभई द्यायचं.

ती बायकांची डोकी चोळायची. आधी शेजारच्या साळूचं चोळलं, मग पाटलिणीचं, मग रांगच लागली. शेवटी एका बुधवारी बायजाक्कानंही तिला घरी बोलावलं. बोलावलं म्हणजे काय, दारात उभं करून तपासलं.

"तेलात काय घातलंस?"

"तेलात तेल हाय, बाई."

"मग पी बघू घोटभर."

नीलव्वा घोटभर तेल प्याली. बायजाक्कानं थोडा वेळ वाट बघितली. म्हातारी पडली नाही, तेव्हा तिला आत घेतलं.

"केस उगवून देशील?"

"म्या काय पेरणीवाली हाय? मेलेलं झाड मला जगवता येत न्हाई. पन तापानं हिची मुळं दमल्यात, मेली न्हाईत. पाला चोळून झाड जगतं व्हय? बुडातली माती मोकळी कराय लागती."

मग तिनं कोमट तेल घेतलं, एक पणती भिजेल एवढंच. केसांना पाजलं नाही, कातड्याला लावलं. बोटांची पेरं टेकवली आणि बोटं न घसरवता खालचं कातडं फिरवायला लागली. कानामागून वर, मानेपासून टाळूपर्यंत, सावकाश, जणू घरात कुणी झोपलंय. एका जागी किती वेळ? एक भाकरी थापून, भाजून फुगेपर्यंत. मग पुढची जागा. "ओरबाडायचं न्हाई, ओढायचं न्हाई," ती म्हणाली, "आन ओल्या केसाला फणी लावायची न्हाई." हरणाचे डोळे मिटले. ताप आल्यापासून पहिल्यांदा त्या पोरीच्या खांद्यांनी दम खाल्ला.

हे सगळं बरं होतं. पण नीलव्वा कुणाकडून काही घ्यायची नाही. ना धान्य, ना लुगडं. चोळून झालं की फणी फिरवायची आणि गळलेले केस मागायची. "एवढं दे बांधून," म्हणायची.

आता खोलकरंजीत शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल, की गळलेला केस कुणाला द्यायचा नाही. त्याची गुठळी करायची, त्यावर तीनदा थुंकायचं आणि चुलीत घालायची. नाहीतर कुणी करणी केली तर? साळूनं दिले, पाटलिणीनं दिले, त्यांना आपल्या डोक्याच्या सुखापुढं काही सुचलं नाही. पण बायजाक्काचा संशय टुणकन उभा राहिला. फुकटात काम करते आणि केस मागते? अगं बाई, चोरसुद्धा दार वाजवून येत नाही आणि ही तेल लावून आली!

नाही म्हणावं तर म्हातारी पुढच्या बुधवारी यायची नाही. द्यावं तर लेकीचा जीव तिच्या मुठीत. बायजाक्कानं डोकं चालवलं. म्हणाली, "बस तू, म्या आत जाऊन चिंधीत बांधून आणते." आत गेली, मागल्या दारानं गोठ्यात शिरली, हरणाचे केस कनवटीला लावले आणि रंगी म्हशीच्या शेपटीच्या गोंड्यातले मूठभर केस उपटून ते चिंधीत बांधून दिले. करणी झालीच तर म्हशीला होईल. म्हशीला काय होतंय? ती तशीही काळीच आहे.

असं दर बुधवारी. नीलव्वा चोळायची, बायजाक्का गुठळी बदलायची, रंगी दर बुधवारी बायजाक्काला बघून खुंट्याभोवती पळायची.

अकरा बुधवार झाले. हरणाचे खरे केस बायजाक्का तीनदा थुंकून चुलीत टाकायची, तेव्हा आधी मूठभर असायचे, मग चिमूटभर झाले, मग बोटावर मोजता यायला लागले. दुसरी कुणी असती तर देवापुढं साखर ठेवली असती. बायजाक्काला वाटलं, बघ कशी गाफील करतीये! बोकडाला कापायच्या आधी पाला घालतातच की.

आणि नीलव्वा मात्र दर बुधवारी जास्तच गप व्हायला लागली. एकदा बोटं हरणाच्या डोक्यावर तशीच ठेवून म्हणाली, "आक्का, बोटाला नवी लव लागतीये बघ, जावळावानी. पन गळणं काय थांबंना. बाकी बायांची गुठळी आटली, हिची हाय तेवढीच. आन राठ किती गं!"

"ताप लई वंगाळ हुता, बाई," बायजाक्का म्हणाली आणि चुलीत फुंकर घालायला वळली.

बाराव्या आठवड्यात रंगीनं दूध बंद केलं. बायजाक्का खाली बसली की लाथ. चरवी उडाली, बायजाक्का शेणात. झालं! केस गेले रंगीचे आणि दूध आटलं रंगीचं, म्हणजे करणी खरीच! तशीच शेणाच्या लुगड्यानं ती चावडीवर गेली आणि गावाला ऐकू जाईल अशी ओरडली, "चेटकीण हाय! माझ्या लेकीचा घास घ्यायला आली हुती, माझ्या म्हशीवर गेलं!"

सूर्य कासराभर वर आला तोवर गाव गोळा झालं. पाटील आले. दोघंजण नीलव्वाच्या छपरात जाऊन तिची मातीची बोळकी घेऊन आले, संक्रांतीच्या सुगडाएवढी, सतरा बोळकी. प्रत्येकावर वेगळी खूण, प्रत्येकात केसांच्या गुठळ्या. बायका किंचाळल्या. साळूनं तर आपलं बोळकं ओळखून तिथंच बसकण मारली.

"कशापायी ठेवलंस हे?" पाटलांनी विचारलं.

नीलव्वानं साळूचं बोळकं चाचपून उचललं आणि गुठळ्या एका रांगेत मांडल्या. पहिली लिंबाएवढी. मग आवळ्याएवढी. मग बोराएवढी. शेवटची हरभऱ्याएवढी. "डोळ्यानं दिसत न्हाई, पाटील. कुणाचं गळणं किती कमी झालं, ते माझ्या बोटास्नी कळाय नको व्हय? कमी झालं तर तसंच चोळायचं. न्हाई झालं तर हात बदलायचा." दुसरं बोळकं मांडलं, लिंबू ते हरभरा. तिसरं, तसंच. मग हरणाचं बोळकं. अकरा गुठळ्या, अकराही लिंबाएवढ्या.

"या एकाच पोरीपुढं माझा हात हरला," म्हातारी म्हणाली. "बोटं सांगत्यात केस आल्यात, बोळकं सांगतंय गळत्यात. म्हंजे माझी बोटं खोटं बोलाय लागली. तुमी हाकलू नगा, म्या जाते. आता कुणाच्या डोक्याला हात लावायची न्हाई." आणि तिनं तेलाचा तांब्या मातीत उपडा केला.

बायजाक्कानं आयुष्यभर दुधावर, पुजाऱ्यावर, नवऱ्यावर संशय घेतला होता, पण स्वतःच्या हातावर संशय घेणारं माणूस तिनं कधी बघितलं नव्हतं. आणि तो संशय त्या म्हातारीला कुणी दिला होता? हिनंच. चिंधीत बांधून, दर बुधवारी.

तेवढ्यात गर्दीतून हरणा आली. कित्येक महिन्यांनी उंबऱ्याबाहेर. तिनं सगळ्यांदेखत डोक्यावरचा पदर काढला. डोक्यावर बोटभर काळीभोर लव, पावसानंतरच्या माळासारखी. पोरगी नीलव्वाचा हात धरून म्हणाली, "आजी, तुमची बोटं खोटं बोलत न्हाईत. हात लावून बघा."

"पोरी, मग ही गुठळी?" पाटलांनी विचारलं.

हरणानं आईकडं बघितलं. ते पोरीला माहीतच नव्हतं. जगात एकाच माणसाला माहीत होतं. गप बसलं तर म्हातारी वेशीबाहेर जाणार आणि कुणाला काही कळणारही नाही. बायजाक्का शेणाच्या लुगड्यानं पुढं आली.

"ती केसं... रंगीची हायत."

"कोण रंगी? सून कुणाची?" पाटलांनी विचारलं.

"म्हस," बायजाक्का म्हणाली.

आणि देवाची करणी बघा, त्याच वेळी पाण्यावरनं जनावरं परत आली. सगळ्यात मागं रंगी, तिची शेपटी उंदरासारखी, टोकाला एक केस नाही. पाठीवर माश्यांचं मोहोळ, हाकलायला गोंडाच नाही, म्हणून बिचारी चालता चालता लाथा झाडत होती. दूध कशानं आटलं ते तेव्हा लहान पोरांनाही कळलं. पाटलांनी हसू आवरायला मिशी चावली, तर अर्धी मिशी तुटून हातात आली, असं म्हणतात.

"नीलव्वा, हिला काय शिक्षा करू?"

"हिचं डोकं द्या माझ्या हातात."

तिथंच चावडीच्या पायरीवर बायजाक्का बसली. तांब्याच्या बुडाशी उरलं होतं तेवढं तेल नीलव्वानं घेतलं. बायजाक्कानं आधी त्याचा वास घेतला, सवयच ती. मग बोटं टेकली. एका भाकरीएवढा वेळ ती डोळे ताणून मागं बघायचा प्रयत्न करत होती. दुसऱ्या भाकरीला मान ढिली पडली. तिसऱ्या भाकरीला ती गावादेखत घोरायला लागली आणि तिच्या घोरण्यानं करंजावरचे पोपट उडाले, असं म्हणतात. म्हणणाऱ्याचं काय जातंय.

नीलव्वा राहिली. हरणाच्या लग्नात तिची वेणी गाडीच्या मागं लोंबत धूळ झाडत गेली म्हणे. रंगीच्या शेपटीचं बूडही नीलव्वानं सात दिवस चोळलं, तर असा गोंडा आला, की रंगी उभ्या उभ्या गोठा झाडायची. पुढं एका बुधवारी नीलव्वा ओढ्यावर हात धुवायला गेली ती परत आलीच नाही. अजूनही ओढ्याला पाणी आलं की त्यावर तेलाचा तवंग दिसतो. आता तिथं लोक ट्रॅक्टर धुतात, पण ते वेगळं.

खोलकरंजीत अजून आखाडातल्या शेवटच्या बुधवारी चावडीच्या पायरीवर तिळाचं तेल कोमट करून ठेवतात. ज्याचा ज्याच्यावर संशय असेल, त्यानं त्याच्याच हातात आपलं डोकं द्यायचं, तीन भाकऱ्या होईपर्यंत. ज्याच्या शेताचा बांध कोरला तो बसतो, कोरणारा चोळतो. जावा-जावा बसतात, विहिणी बसतात. गळलेले केस बोळक्यात टाकतात, स्वतःचेच. शेवटी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या म्हशीच्या शेपटीला तेल लावतात आणि मगच सगळे घरी जातात.

आणि डोकं देण्याआधी अजूनही प्रत्येकजण तेलाचा वास घेतो. त्याला बायजाक्काचा मान म्हणतात.