बिनखांबी दिवाणखाना

"मग टेकू कधी काढणार?"

फकीर मीरनशांनी एवढंच विचारलं.

सरदारांची नवी हवेली विसाजी बांधत होता. तो मघापासून बोलायचं थांबायलाच तयार नव्हता. बोलता बोलता त्याला धाप लागत होती.

"बाबा, एवढा मोठा दिवाणखाना आणि मध्ये एकही खांब नाही. सगळा भार या एका कमानीवर. चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घातलाय. मुलखात अशी कमान नाही."

"कुठे आहे कमान?"

"ही काय, डोक्यावर."

"मला तर लाकडंच दिसतायत."

कमानीखाली सागाच्या टेकूंचं रान उभं होतं.

"चुना अजून ओला आहे, बाबा."

"गेल्या पावसाळ्यातही ओलाच होता."

भोवतीचे गवंडी हसले. फकिरी घेण्याआधी मीरनशा स्वतः नावाजलेले गवंडी होते. विसाजी त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

"हसायला तुमचं काय जातं?" तो चिडला. "कमान खचली तर वरचे दोन्ही मजले खाली येतील. उद्या सरदार राहायला येतायत. टेकू ठेवले तर हसं होईल, आणि काढले तर..."

त्याने वर कमानीकडे पाहिलं.

बाबा टेकूंमधून वाट काढत कमानीच्या बरोबर खाली गेले. घोंगडी अंथरली. बसले.

"काढ."

"बाबा, उठा तिथून."

बाबांनी मांडी घातली.

"बाबा, ऐका माझं."

बाबांनी डोळे मिटून घेतले.

विसाजीने लाकडी मोगरी उचलली. पहिला टेकू पडला. वर दगड करकरले, चुन्याची भुकटी बाबांच्या दाढीवर सांडली. दुसरा पडला. मग तिसरा. प्रत्येक घावाआधी तो बाबांकडे बघे, आणि मगच हात उगारी.

शेवटचा टेकू आडवा झाला.

धूळ खाली बसली. कमान जागच्या जागी होती.

गवंड्यांनी पागोटी हवेत उडवली. कुणीतरी विसाजीला खांद्यावर घेतलं. तो धडपडत उतरला, मोगरी टाकून धावत आला आणि बाबांचे पाय धरले. हसत होता की रडत होता, कळेना.

"तुम्ही खाली बसलात म्हणून हात चालला, बाबा. यापुढे माझ्या प्रत्येक कमानीखाली तुम्हीच बसायचं."

बाबांनी दाढीतला चुना झटकला. पडलेली मोगरी उचलून त्याच्या हातात परत दिली.

"मग एक टेकू राहिलाच की, विसाजी."